जानेवारीत मॅरेथॉन, जुलैत लंगडणं: दरवर्षीच्या बिघाडाची दुरुस्ती

तक्रार अशी. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत ४२.१९५ किलोमीटर धावून होतात. वेळ कधी बरी येते, कधी परतीचा पेडर रोडचा चढ सगळा हिशेब बिघडवतो, पण शर्यत पूर्ण होते. फेब्रुवारीत हुरूप असतो. मार्चमध्ये पाय जड पडायला लागतात. एप्रिलमध्ये एखादी सर्दी पंधरा दिवस मुक्काम ठोकते. मग सप्टेंबरच्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनची आठवण होते, जूनमध्ये घाई सुरू होते आणि जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काहीतरी मोडतं. पहिल्या वर्षी नडगी मोडली, दुसऱ्या वर्षी डाव्या टाचेमागची शीर (अकिलीस टेंडन), तिसऱ्या वर्षी उजव्या.

तीन वर्षं मी हे जुलैचं दुखणं जुलैतच दुरुस्त करत बसलो. बर्फ लावला, क्रेप बँडेज बांधलं, नवे बूट घेतले, फिजिओकडे दहा-दहा सिटिंग केली. दुखणं थांबायचं आणि पुढच्या वर्षी जागा बदलून यायचं. शेवटी तिन्ही वर्षांच्या वह्या टेबलावर शेजारी-शेजारी उघडून ठेवल्या. मी अजून वहीतच लिहितो. घड्याळातलं ॲप किलोमीटर सांगतं, पण ‘आज जिना उतरताना कठडा धरला’ हे ते सांगत नाही. माझा धंदा हिशेबतपासणीचा. ताळा जुळत नसला की चूक शेवटच्या पानावर सापडत नाही, मागची पानं उलटावी लागतात, हे आमचं पोटापाण्याचं शिक्षण. स्वतःच्या पायांना ते लावायला तीन वर्षं गेली.

वह्यांतून दिसलं ते असं. मॅरेथॉननंतर आठव्या दिवशी पहिली धाव, १० किलोमीटर, पुढे शेरा ‘सहज’. चौदाव्या दिवशी ग्रूपबरोबर १८. तिसऱ्या रविवारी एखादी २१ ची स्पर्धा, कारण जानेवारीचा फॉर्म ‘वाया जाऊ नये’. मग मार्च एंडिंग. ऑफिसात रात्रीचे अकरा, झोप पाच तास, आठवड्याला दोनच धावा आणि वेळ कमी म्हणून दोन्ही जोरात. एप्रिल आजारपणाचा. मे जवळजवळ कोरा. जूनच्या पहिल्या रविवारी एकदम घाट.

साताऱ्याकडे माझा चुलतभाऊ शेती करतो. धावण्यातलं त्याला काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. हे सगळं फोनवर ऐकून तो म्हणाला, “दादा, पाऊस उघडला म्हणून कोण लगेच औत घालतंय रानात? वाफसा तरी येऊ दे की.”

शेतीशी संबंध सुटलेल्यांसाठी सांगतो. पावसानंतर रान वरून सुकलेलं दिसतं, बोटभर खाली मात्र चिखल असतो. माती हातात घेऊन मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि सोडला की भुगा व्हावा, इतपत ओल राहिली म्हणजे वाफसा. त्याआधी औत घातलं तर ढेकळं निघतात, खालचा थर दाबून बसतो आणि ते रान त्या हंगामापुरतं बिघडतं. मी दर फेब्रुवारीत नेमकं हेच करत होतो. पीक जुलैत वाळायचं, आणि मी जुलैत पानांवर फवारणी करायचो.

आधी शर्यतीचा दिवस आणि पुढचा आठवडा

शर्यतीनंतर अंग आंबतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. पाचव्या-सहाव्या दिवशी बहुतेकांचं दुखणं ओसरतं आणि इथेच फसगत होते. दुखणं गेलं म्हणजे दुरुस्ती झाली असं नाही. स्नायूंच्या तंतूंची डागडुजी त्यानंतरही चालू असते. शीर आणि हाड तर स्नायूंपेक्षाही संथ. त्यांना रक्तपुरवठा कमी किंवा त्यांची घडणच सावकाश. दमछाक न होता १० किलोमीटर जाता येतात, कारण हृदय आणि फुप्फुसं तयार असतात. टाचेची शीर तयार नसते आणि ती त्या दिवशी तक्रारही करत नाही.

आझाद मैदानावर पदक गळ्यात पडल्यावर पहिली चूक म्हणजे धपकन बसणं. दहा-पंधरा मिनिटं चालत राहा. दुसरी म्हणजे गाडीत बसून एका दमात पुणं गाठणं. एक्स्प्रेस वेवर एकदा तरी थांबा, उतरून पाच मिनिटं चाला. तिसरी चूक जास्त गंभीर आहे: दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, त्यात या गोळ्या भर घालतात. शर्यतीच्या आधी आणि मधे तर त्या घेऊच नयेत. मी घेत असे, शहाणपणाने घेतोय असं समजून.

लघवी काळ्या चहासारखी किंवा कोलासारखी झाली, स्नायू सुजून ताठ झाले, तर घरगुती उपाय थांबवून सरळ दवाखाना. स्नायूंचा माल रक्तात उतरून मूत्रपिंडात अडकण्याचं ते लक्षण असतं. त्याउलट भरपूर पाणी पिऊनही डोकं ठणकतंय, उलट्या होतायत, बोटं सुजलीत, बोलणं असंबद्ध होतंय, तर रक्तातलं सोडियम खाली गेलेलं असू शकतं. अशा माणसाला “पाणी पी, पाणी पी” म्हणून आणखी पाजणं धोक्याचं. तिथेही दवाखानाच.

खाण्याबद्दल फार उपदेश नको. साखरेचा साठा भरून यायला दिवस-दोन दिवस लागतात, स्नायू फाटलेले असताना थोडे जास्त. महागड्या डब्यातली पावडर नसली तरी वरण-भात, उसळ, दही, अंडी, मासे यांनी भागतं. फक्त प्रथिनांचा अंदाज आपल्या ताटात नेहमी फुगवून धरला जातो. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, वाटीभर वरणात ६-७ ग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाने किलोमागे दीड ग्रॅम धरले तर दिवसाला शंभरच्या वर जातात. एका वाटीच्या जिवावर ते होत नाही.

एक भानगड मात्र माझ्यासारखी कुणाची होऊ नये म्हणून सांगतो. एका वर्षी ऑफिसची मोफत आरोग्य तपासणी नेमकी शर्यतीनंतरच्या बुधवारी आली. रिपोर्टमध्ये एसजीओटी मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. घरात सुतक. बायको म्हणाली, “अहो, तुम्ही तर घेतही नाही, मग लिव्हर कसं बिघडलं?” दोन दिवस मी इंटरनेटवर स्वतःचं मृत्युपत्र वाचत होतो. डॉक्टरांनी कागद पाहून एकच प्रश्न विचारला: “रविवारी काय केलं होतंत?” एसजीओटी यकृतात असतं तसं स्नायूंतही असतं. स्नायू फाटले की ते रक्तात उतरतं. क्रिएटिन कायनेज तर कित्येक पट वाढून आठवडाभर वर राहू शकतं. हृदयाच्या झटक्यासाठी बघतात ते ट्रोपोनिनसुद्धा मॅरेथॉननंतर थोडं वाढलेलं आढळतं. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलं, सगळं जागेवर. तर तपासणी शर्यतीआधी करा किंवा तीन-चार आठवड्यांनी, आणि डॉक्टरांना शर्यतीची तारीख आपणहून सांगा. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर मात्र ‘धावल्यामुळे असेल’ म्हणत बसू नका. तेव्हा वाट बघायची नसते.

वाफसा आला हे कसं ओळखायचं

न्यूझीलंडचे जॅक फॉस्टर १९७४ च्या क्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत एकेचाळिसाव्या वर्षी २ तास ११ मिनिटं १९ सेकंदांत मॅरेथॉन धावले आणि रौप्यपदक घेऊन गेले. त्यांच्या नावावर चालणारा नियम असा: जेवढे मैल शर्यत, तेवढे दिवस पुढची शर्यत नाही. मॅरेथॉन २६ मैलांची, म्हणजे २६ दिवस. याला प्रयोगशाळेचा आधार शोधू नका, ढोबळ नियम आहे. पण एकेचाळिसाव्या वर्षी ती वेळ देणाऱ्या माणसाने घालून घेतलेली मर्यादा आपण, चार-साडेचार तासवाल्यांनी, तिसऱ्या रविवारी मोडावी यात मला आता गंमत वाटते.

दिवस मोजण्यापेक्षा मी आता चार गोष्टी तपासतो, आणि चारही जमल्याशिवाय बूट घालत नाही. सकाळी अंथरुणातच नाडी: माझी नेहमीची ५४, गेल्या वर्षी शर्यतीनंतर तिसऱ्या दिवशी ६३ होती, बाराव्या दिवशी ५५ वर आली. जिना: तिसऱ्या मजल्यावरून कठडा न धरता, कडेकडेने न उतरता खाली येता येतं का. पोटरी: एका पायावर उभं राहून टाच वर-खाली, दोन्ही पायांना सारख्याच वेळा जमते का. मी २० पर्यंत मोजतो. डावा २० आणि उजवा १३ असेल तर उत्तर मिळालं. चौथी गोष्ट आकड्यात येत नाही. पहाटे गजर झाल्यावर जावंसं वाटतं का? ‘जायला हवं’ आणि ‘जावंसं वाटतं’ यांतला फरक आपल्याला कळतो. मला कळला नाही तर बायकोला कळतो, चहात साखर कमी पडली म्हणून मी चिडलो की ती म्हणते, “अजून आठवडाभर घरीच बसा.”

यातून माझा फेब्रुवारी आता असा जातो. पहिला आठवडा धावणं शून्य. चालणं, आणि जमलं तर पोहणं. दुसऱ्या आठवड्यात चाचण्या जमल्या तर एक दिवसाआड २०-२५ मिनिटं, सपाटीवर, गप्पा मारत. तिसऱ्यात ३०-४० मिनिटं. चौथ्यात जास्तीत जास्त तासभर, तोही एकदाच. घड्याळ घरी. ग्रूपबरोबर जायचं नाही, कारण ग्रूपमध्ये ‘सहज’ नावाचा वेग अस्तित्वात नसतो.

फॉर्म जाईल ही भीती मलाही होती. पहिल्या काही दिवसांत कमी होतं ते मुख्यतः रक्तातलं पाणी, म्हणून पहिल्या धावेला नाडी उगाच वर दिसते. तेवढं लवकर भरून येतं. दहा-बारा दिवसांच्या विश्रांतीत कमाई फारशी घटत नाही. तीन-चार आठवडे पूर्ण बसून काढले तर घट जाणवण्याइतकी होते, म्हणून तर दुसऱ्या आठवड्यापासून थोडं हलायचं. जुलै-ऑगस्टचे सहा आठवडे लंगडत घालवण्याच्या तुलनेत हा सौदा फार स्वस्त आहे. मी दोन्हीचे हिशेब करून पाहिलेत.

मार्चमध्ये पाय जड: आळस की आणखी काही?

विश्रांती नीट घेऊनही मार्चमध्ये ओढल्यासारखं वाटत असेल तर दोन जागा आधी बघा.

पहिली लोहाचा साठा. हिमोग्लोबिन १३ आलं की आपण निर्धास्त होतो. पण साठा रिकामा होत असताना हिमोग्लोबिन बरेच दिवस टिकून राहतं, आणि साठा दाखवतं ते फेरिटिन. धावणाऱ्यांचं लोह घामातून, पोटातून, आणि जमिनीवर पाऊल आपटताना तांबड्या पेशी फुटून थोडं-थोडं जात असतं. शिवाय कसून व्यायाम झाला की नंतरचे काही तास शरीर अन्नातलं लोह कमी घेतं. महिलांची पाळी आणि शाकाहार यांची त्यात भर. फेरिटिनची एक खोड लक्षात ठेवा: अंगात सूज किंवा ताप असताना ते खोटं वाढतं. म्हणून शर्यतीनंतर लगेच किंवा सर्दी-तापात तपासलं तर रिपोर्ट चांगला येतो आणि माणूस मात्र दमलेलाच राहतो. स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. जास्त झालेलं लोहही त्रास देतं. पण जेवणानंतर लगेच चहा घेण्याची सवय सोडायला डॉक्टर लागत नाही. चहा लोह अडवतो, लिंबू ते आत घ्यायला मदत करतं. मेथीच्या भाजीवर लिंबू पिळायचं आणि चहा दीड तास लांबवायचा. चहा लांबवणं मला लिंबापेक्षा फार अवघड गेलं.

दुसरी जागा म्हणजे ताट. आपल्याकडे सध्या दिवसातून दोनदाच जेवायचं, पहाटे उपाशीपोटी २० किलोमीटर धावायचं आणि वजन उतरलं की फोटो टाकायचा अशी टूम आहे. वजन घटवायला आलेल्या माणसाला त्याचा फायदा होत असेल, मी वाद घालत नाही. आठवड्याला ५० किलोमीटर धावणाऱ्याला ते महाग पडतं. खर्चापेक्षा जमा सतत कमी राहिली की शरीर हाडं, संप्रेरकं, प्रतिकारशक्ती या खात्यांतून पैसे काढायला लागतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला वेगळं नाव देऊन खेळाडूंना सावध केलं; पुरुषही त्यात आले. धावायला लागल्यापासून पाळी अनियमित झाली किंवा थांबली असेल तर ‘फिट झाल्यामुळे’ असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. हाडाला चीर जाण्याआधीची ती घंटा असू शकते.

आणि झोप. मार्चमध्ये माझी झोप पाच तासांवर येते, ती मी वाढवू शकत नाही. क्लायंटची कागदपत्रं २८ तारखेलाच सापडतात, ही निसर्गाची रचना आहे. मग मी धावणं कमी करतो. १५ ते ३१ मार्च आठवड्याला तीन धावा, तिन्ही हळू, एकही जोराची नाही. पूर्वी ‘वेळ कमी म्हणून तीव्रता जास्त’ हे मला हुशारीचं वाटायचं.

३४ आठवड्यांचा हिशेब

मुंबईचा तिसरा रविवार ते सप्टेंबरचा दुसरा रविवार, मधे साधारण ३४ आठवडे पडतात. साताऱ्याची तारीख दरवर्षी थोडी सरकते, ती जाहीर झाली की शेवटून मागे मोजायचं. लोक पुढून मोजतात आणि शेवटी जेवढे आठवडे उरतील त्यात घाट कोंबतात.

माझी वाटणी: पहिले ४ आठवडे वाफशाचे. पुढचे १० पायाभरणीचे, म्हणजे एप्रिल संपेपर्यंत. मग ६ आठवडे मे आणि जूनचा पहिला आठवडा. त्यानंतर १२ आठवडे घाटाचे, आणि शेवटचे २ काम हलकं करण्याचे. मृग लागतो ७-८ जूनच्या सुमारास, आणि माझे घाटाचे बारा आठवडे नेमके तिथेच सुरू होतात. हे मी ठरवून केलं नाही, आकडेमोडीतूनच तसं निघालं, चुलतभावाला सांगितलं तर म्हणाला, “मग बरोबर आहे.”

पायाभरणीचे दहा आठवडे कंटाळवाणे असतात आणि तसेच असायला हवेत. आर्थर लिडियार्ड या न्यूझीलंडच्याच प्रशिक्षकाने ८०० मीटरच्या धावपटूलाही पायाभरणीत आठवड्याला १०० मैल पळवलं. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या शिष्यांनी, पीटर स्नेल यांनी ८०० आणि मरे हालबर्ग यांनी ५००० मीटरचं सुवर्ण, एकाच दिवशी जिंकलं. आपल्याला १०० मैल नकोत, क्रम हवा: आधी सावकाश भरपूर, मग चढ, मग वेग. सावकाश म्हणजे किती? मी धावता-धावता एकोणीसचा पाढा म्हणतो. सलग, श्वास न तुटता दहापर्यंत गेलो तर वेग बरोबर. ‘एकोणीस सत्ते’ला दम लागला तर हळू. आणि एकोणीस सत्ते आठवतच नसेल तर तो प्रश्न वेगळा.

एप्रिल-मेमध्ये पुण्यात सातनंतर ऊन चटका देतं. तेव्हा जानेवारीचा वेग शोधू नका, त्याच वेगाला नाडी सहज वर जाते. मी या दिवसांत किलोमीटरऐवजी मिनिटं लिहितो. मेचे सहा आठवडे पूर्वी कोरे असत. आता त्यात आठवड्यातून दोनदा पायांचा व्यायाम आणि एकदा कोथरूडच्या बाजूने वेताळ टेकडी चालत चढणं, शेवटच्या पंधरवड्यात मधूनमधून पळत. व्यायाम साधाच: बैठका, एका पायावर उठणं, पायरीवर टाच उचलणं. हातात वजन असावं. वजनाशिवाय शंभर बैठका मारून शीर फारशी मजबूत होत नाही, तिला जड ओझं लागतं.

दर आठवड्याला १० टक्केच वाढवा, या नियमाला सोवळ्यासारखं धरू नका. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला नवशिक्या धावपटूंचे दोन गट करून तो तपासला होता, निकाल २००८ मध्ये आला. हळूहळू वाढवणाऱ्यांत आणि नेहमीच्या योजनेने धावणाऱ्यांत दुखापतींचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. माझ्या वह्यांत तरी दुखापत आठवड्याच्या बेरजेपेक्षा एखाद्या उडीने झालेली दिसते: महिनाभर १० च्या वर न गेलेला माणूस एका रविवारी १९ धावतो.

सातारा चढामुळे प्रसिद्ध आहे. यवतेश्वरचा घाट चढताना दम निघतो हे खरं, पण पाय फुटतात ते परतीच्या उतारावर. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, आणि सर्वांत जास्त फाटाफूट त्या कामात होते. म्हणून मुंबईनंतर पोटऱ्या आणि कंबर धरते, साताऱ्यानंतर मांड्या. यावर तोडगा आहे आणि फुकट आहे. एकदा उतारावर धावून मांड्या आंबल्या की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने त्या तितक्या आंबत नाहीत. शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी एकदा सिंहगडाच्या डांबरी रस्त्याने किंवा बोपदेव घाटाने नीट उतरून या. आदल्या आठवड्यात मात्र नको.

साताऱ्यापासून मुंबईपर्यंत उरतात १८ आठवडे. त्यातले पहिले दोन पुन्हा वाफशाचे. हेही मी आधी खाऊन टाकायचो.

वहीत न लिहिलेलं ओझं

हा भाग मला उशिरा सापडला आणि माझ्या मते अर्धा बिघाड इथेच आहे. पालखी पुण्यातून सासवडला निघते त्या दिवशी मी दरवर्षी दिवेघाट चालतो. तीस किलोमीटरच्या घरातलं चालणं, चप्पल घालून, आणि वहीत नोंद: ‘विश्रांती’. देवाच्या खात्यात गेलं ते पायांच्या खात्यात लिहायचं नाही, असा काही समज होता. तसंच पावसाळी ट्रेकचं. राजगड उतरणं हा मांड्यांसाठी सातारा परतीचाच भाऊ. शनिवारी ट्रेक आणि रविवारी लाँग रन म्हणजे दोन शर्यती. आमच्या ग्रूपमधला एक जण जुलैपासून ढोलपथकाच्या सरावाला जातो. कमरेला ढोल बांधून रोज दोन तास उभा, आणि मला विचारतो, “काका, कंबर का धरते हो?”

वारी सोडा असं मी सांगणार नाही. मीही सोडलेली नाही. त्या आठवड्यातली लाँग रन सोडायची. आणि चप्पलऐवजी बूट.

तरीही जुलैत दुखलंच तर

टाचेमागची शीर: सकाळी पहिली पावलं ताठ, मग सैल होतं, धावल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा ताठ. पूर्ण बसून राहिल्याने ही बरी होत नाही, हे मला दोन वर्षं कुणी पटवू शकलं नाही. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला उपाय अजून चालतो: पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची, गुडघा सरळ ठेवून १५ चे तीन संच, वाकवून १५ चे तीन, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. दिवसाला १८० वेळा. थोडं दुखलं तरी चालतं. शीर जिथे हाडाला चिकटते तिथेच, अगदी टाचेच्या हाडावर दुखत असेल तर मात्र टाच पायरीखाली जाऊ द्यायची नाही, सपाटीवरच करायची. ही जागा फिजिओकडून एकदा तपासून घ्या. मला तपासणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची आहे. “काका, चार आठवड्यांनी विचारायचं, चार दिवसांनी नाही,” असं तिने पहिल्याच भेटीत बजावलं.

नडगीचं दुखणं दोन जातींचं. आतल्या कडेला वीतभर पट्टा दुखतो, धाव सुरू झाल्यावर थोडा निवळतो, तो बहुधा स्नायूच्या ओढीचा. किलोमीटर निम्मे करा, मऊ जमीन शोधा, बूट किती धावलेत ते बघा. पाचशे ते आठशे किलोमीटरमध्ये बहुतेकांचा तळ बसतो. पण एका बोटाने दाबल्यावर नेमका एकच बिंदू कळवळत असेल, एका पायावर उडी मारवत नसेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला चीर जात असल्याचा संशय धरून त्याच दिवसापासून धावणं बंद. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून खुश होऊ नका, सुरुवातीच्या आठवड्यांत चीर त्यात बऱ्याचदा दिसत नाही. अस्थिरोगतज्ज्ञांना एमआरआयबद्दल विचारा. मी पहिल्या वर्षी स्वच्छ एक्स-रे खिशात घालून नऊ दिवस धावलो. त्या नऊ दिवसांचे तीन महिने झाले.

ताप असेल तर धावणं नाही, आणि ताप उतरल्यावरही दोन-तीन दिवस नाही. खोकला छातीत असेल, धाप लागत असेल, छाती धडधडत असेल तर तपासून घेतल्याशिवाय बूट बाहेर काढू नका.

यंदाच्या वहीत १६ फेब्रुवारीपर्यंतची पानं मी मधोमध स्टेपल करून टाकली आहेत. काल ग्रूपवर निरोप आला: ‘८ तारखेला २१, दोन नावं कमी पडतायत, सर येणार ना?’ येतो म्हणालो. बारा किलोमीटरच्या पाणपोईवर उभा राहतो.